जुन्या चापाचा जीर्णोद्धार करावा काय?

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हांस आज बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषयही मंडळानेच नेमून दिला. आम्ही सारा जन्म मुलांना बाराखडी आणि पाढे शिकविण्यात घालविला. शस्त्रविद्येचा आमचा व्यासंग नाही. तथापि मंडळात ज्या प्रश्नावर तीन बैठका होऊनही एकमत झाले नाही, त्याची दोन्ही अंगे कोणी तरी निर्विकारपणे मांडावी, आणि तशी मांडणी मास्तराकडून बरी होईल, असे मंडळास वाटले असावे.

प्रश्न असा आहे. तळकोकणातील आपल्या ज्ञातीच्या एका कुटुंबाने संस्थेला ठासणीच्या रायफलीचा एक जुना चाप दिला आहे. नळी नाही, दस्ता नाही, गज नाही, केवळ चाप. तो गंजलेला आहे, त्याची लहान कमान तुटलेली आहे आणि घोड्याचे तोंड झिजलेले आहे. हा चाप दुरुस्त करून पूर्ववत् करावा, की आहे तसा ठेवावा? पाहावयास गेले तर वस्तू तळहाताएवढी आहे. परंतु ज्या ज्ञातीने पिढ्यान् पिढ्या भाता आणि ऐरण हेच आपले दैवत मानले, तिने लोखंडाच्या एका जुन्या तुकड्याशी कसे वागावे, हा प्रश्न तळहाताएवढा नाही.

प्रथम ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासतात. मग प्रश्न उरतो तो आतल्या दारूला विस्तव पोहोचविण्याचा. फार पूर्वी जळता तोडा रंजकावर टेकवीत. पुढे घोड्यात गारेचा तुकडा धरून तो पोलादावर आपटू लागले आणि ठिणगीने रंजक पेटू लागले. पावसाळी हवेत हे दोन्ही उपाय दगा देत. इ. स. १८०७ मध्ये स्कॉटलंडातील फोर्सिथ नावाच्या एका पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या स्फोटक द्रव्याचा उपयोग करण्याचा हक्क नोंदविला. त्यातून पुढे तांब्याची चिमुकली टोपी निघाली. ती नळीच्या बुडाशी असलेल्या पोकळ बोंडीवर बसवावयाची, घोडा तीवर आपटावयाचा, की ठिणगी थेट दारूत उतरते. आपल्याकडील चाप ह्या टोपीच्या जातीचा आहे.

चाप म्हणजे बंदुकीच्या उजव्या कुशीस बसविलेली सगळी यंत्ररचना. बाहेरून एक पोलादी पट्टी आणि घोडा एवढेच दिसते. आत इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची मोठी कमान, घोड्याबरोबर फिरणारी खाचांची चकती, त्या खाचेत अडकणारा अडसर आणि अडसराला दाबून धरणारी लहान कमान असते. चकतीला दोन खाचा असतात. पहिल्या खाचेत घोडा अर्धा चढून सुरक्षित राहतो. दुसरीत पूर्ण चढतो आणि बोटाने खटका ओढताच सुटतो. ह्या खाचा झिजल्या म्हणजे अर्ध्या चढावरूनच घोडा सुटण्याचा संभव असतो, आणि असे होऊन हात, डोळे व प्राण गमावल्याच्या कथा जुन्या शिकारी लोकांत पुष्कळ ऐकावयास मिळतात.

आता रायफल म्हणजे काय? साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत मळसूत्री खाचा कोरलेल्या असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि नेम लांबवर साधतो. ह्या जातीची सर्वांत प्रसिद्ध रायफल म्हणजे १८५३ सालच्या नमुन्याची एनफील्ड. तिची नळी ३९ इंच लांब, तोंड ०.५७७ इंच रुंद आणि आत तीन खाचा. ह्या खाचांचा एक फेरा ७८ इंचांत पुरा होई. म्हणजे नळीतून बाहेर पडेपर्यंत गोळी अर्धाच फेरा घेई, आणि तेवढ्यानेही शेकडो वारांवर नेम लागे. हिच्या कागदी काडतुसांना लावलेल्या चरबीवरून १८५७ साली डमडम येथे जी कुजबुज सुरू झाली, तिचे पुढे काय झाले हे शाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. परंतु पुढची गोष्ट पुस्तकांत क्वचितच आढळते. उठाव शमल्यावर सरकारने हिंदी शिपायांच्या हाती दिलेल्या बंदुका दिसावयास एनफील्डसारख्याच होत्या, पण त्यांच्या नळ्या आतून गुळगुळीत ठेविल्या होत्या. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्या बंदुकीचा नेमही लांब जाऊ द्यावयाचा नाही, असा तो विचार होता.

शस्त्रे काढून घेण्याची झळ आपल्या दक्षिणेकडील मुलखालाही लागली. मुधोळजवळील हलगलीच्या बेडरांनी नि:शस्त्रीकरणाविरुद्ध १८५७ सालीच हत्यार उचलले. पुढे लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्रांचा कायदा झाला. बंदुका बाळगणे, घडविणे आणि विकणे ह्या सर्वांवर परवान्याचे बंधन आले. गावोगावच्या लोहारशाळेतून ह्या कारागिरीचा जो ऱ्हास झाला, त्यास इतर कारणांबरोबर हेही एक कारण होते.

आपल्या चापाची पट्टी गंजाने तपकिरी-काळी झाली आहे. घोड्याच्या पुढच्या बाजूस कसला तरी ठसा असल्याचा उठाव बोटाला लागतो, आणि त्याच्याजवळ १ आणि ८ हे दोन इंग्रजी आकडे अंधूक दिसतात. पुढचे दोन गंजाखाली आहेत. अशा ठशांना मोठे महत्त्व असते. कंपनी सरकारच्या शस्त्रांवर एकोणिसाव्या शतकात मागील पायांवर उभ्या असलेल्या सिंहाचा ठसा असे. राणी सरकारच्या शस्त्रांवर मुकुट असे. सिंह निघाला तर ही वस्तू कंपनीची, मुकुट निघाला तर राणीची. देणाऱ्या कुटुंबात पिढीजात समजूत अशी आहे की, हा चाप बंडाच्या धामधुमीतला आहे. ह्या समजुतीचा साक्षीदार एकच आहे, आणि तो त्या गंजाखाली दडलेला ठसा होय.

याहून महत्त्वाची गोष्ट चापाच्या आतल्या अंगास आहे. मोठी कमान मूळची नाही. कारखान्यात घडलेल्या कमानीची अंगे सफाईदार असतात. हिच्या कोपरावर हातोडीचे ठोके स्पष्ट दिसतात आणि ती किंचित जाड आहे. तिच्या आतल्या बाजूस छिन्नीने पाडलेल्या तीन टिकल्या आहेत. हे कुटुंब आजही आपल्या प्रत्येक कोयत्यावर त्याच तीन टिकल्या उमटविते! म्हणजे कोणा विलायती कारखान्याची कमान कोकणात मोडली, आणि आपल्याच ज्ञातीच्या एका पुरुषाने, ज्याचे नावही आज कोणास ठाऊक नाही, भात्याच्या विस्तवावर तिची जोडीदार घडविली.

आता मंडळातील मते ऐका. पहिले मत उत्साही तरुणांचे. ते म्हणतात, चाप घासून आरशासारखा करावा, परदेशात मिळणाऱ्या नव्या कमानी व घोडा आणून बसवावा, सागवानी दस्त्यावर चढवावा आणि विजयादशमीच्या मिरवणुकीत एखादा बार काढावा. दुसरे मत वडीलधाऱ्यांचे. ते म्हणतात, ही पूर्वजांची वस्तू आहे, तिला हात लावू नये. खंडेनवमीस हत्यारांबरोबर ठेवून हळद-कुंकू वाहावे. तिसरे मत व्यवहारी सभासदांचे. ते म्हणतात, वस्तू एखाद्या शौकिनास विकावी आणि पैसा विद्यार्थी-साहाय्य निधीत घालावा. तिन्ही मतांच्या मागे सद्‌हेतू आहे हे आम्ही प्रथमच सांगून टाकतो.

पहिल्या मताचा विचार करताना कायदा विसरून चालणार नाही. आपल्या देशात १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आहे. त्यात अग्निशस्त्राच्या व्याख्येत त्याचे भागही धरले आहेत, आणि शस्त्राची दुरुस्ती करण्याच्या धंद्यासही परवाना लागतो. त्याच अधिनियमाच्या ४५ व्या कलमात एक सवलत आहे: जुनाट नमुन्याचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले अथवा नादुरुस्त असे शस्त्र, जे दुरुस्ती करून वा न करता अग्निशस्त्र म्हणून वापरता येत नाही, त्याला अधिनियमाची बंधने लागत नाहीत. जे किरकोळ भाग इतर भागांना जोडून वापरावयाचे नाहीत, त्यांसही सवलत आहे. ह्याचा अर्थ नीट ध्यानी घ्या. आज हा चाप सुटा आणि निकामी आहे, म्हणून तो सवलतीच्या छायेत बसण्यासारखा आहे. ज्या दिवशी आपण तो चालता करू, दस्ता लावू आणि नळी शोधू लागू, त्या दिवशी आपण स्वहस्ते ती छाया काढून टाकू. मिरवणुकीतील एका बाराच्या हौसेपायी संस्थेच्या चिटणिसास पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागावी, हे कोणास रुचेल?

कायदा बाजूस ठेविला तरी घासण्याचा प्रश्न राहतोच. आपल्या हाताला सवय आहे ती गंज दिसला की कानस किंवा पॉलिशकागद घेण्याची. नांगराच्या फाळास ते ठीक आहे. पण ठसा म्हणजे पट्टीच्या पृष्ठभागावरील केसाएवढ्या खोलीचा दाब; गंजाबरोबर तोही घासला जातो. अशा पट्ट्या हाडांच्या व चामड्याच्या कोळशात तापवून वरून कठीण केलेल्या असत, आणि त्या प्रक्रियेने त्यांवर निळसर-करड्या छटा उमटत. नळ्यांवरचा तपकिरी रंग तर मुद्दाम आणलेल्या बारीक गंजाचाच असे. सारांश, जुन्या लोखंडावरील प्रत्येक रंग म्हणजे मळ नव्हे. आम्ल वापरण्याचा सल्ला कोणी देईल, तोही मानू नये; पाणी दिलेल्या पोलादाची कमान आम्लात ठेवली असता ठिसूळ होते आणि पुढे अकस्मात् मोडते.

आणि नवे भाग बसविण्याचे काय? परदेशी नकलेची कमान बसवावयाची म्हणजे आपल्या पूर्वजाची कमान काढून टाकावयाची. मग चाप ‘मूळ स्वरूपात’ येईल असे म्हणतात. परंतु मूळ कोणते? विलायतेत निघाला तो दिवस हे त्याचे मूळ असेल. पण आपल्या संस्थेच्या काचपेटीत तो ज्या कारणाने ठेवावयाचा, ते कारण कोकणातल्या एका लोहारशाळेत जन्मास आले. तेच काढून फेकल्यावर उरेल ती कोणत्याही देशातील कोणत्याही दुकानात मिळणारी वस्तू! व्हेनिस येथे १९६४ साली जगातील वास्तुतज्ज्ञांनी जुन्या इमारतींसाठी जी सनद केली, तिचे एक तत्त्व असे की, जेथून तर्कबाजी सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. आणि निरनिराळ्या काळांनी घातलेली भर हीही इतिहासाचाच भाग मानावी. इमारतीचा हा न्याय कमानीलाही लागू पडतो असे आम्हांस वाटते.

मग वडीलधाऱ्यांचे मत खरे काय? तेही पुरते नव्हे. ‘हात लावू नये’ म्हटल्याने गंज थांबत नाही. कोकणच्या हवेत मीठ आहे. मीठ एकदा गंजाच्या थरात शिरले की ओलावा शोषून आतल्या आत लोखंड खात राहते. पापुद्रे सुटतात, आणि त्या पापुद्र्यांबरोबर ठसाही जातो. त्यात हळद-कुंकू, नारळाचे पाणी आणि ओल्या फुलांची भर पडली तर पूजेनेच देवाचा नाश व्हावयाचा. पूजा जरूर करावी. परंतु चाप काचेत ठेवून समोर अक्षता व फुले ठेवावी. भक्तीस त्याने उणेपणा येत नाही. खोबरेल तेलही लावू नये. ते कालांतराने चिकट होते आणि आंबते.

विक्रीच्या मताविषयी थोडक्यात सांगतो. विद्यार्थी-निधी आम्हांस प्राणासारखा आहे. त्याच निधीतून शिकलेली मुले आज ह्या मंडपात बसली आहेत. परंतु ज्या कुटुंबाने वस्तू विश्वासाने दिली, त्याने ती विकण्यासाठी दिलेली नाही. शिवाय त्या तीन टिकल्यांचा अर्थ विकत घेणाऱ्याला वाचता यावयाचा नाही. तो त्या कमानीला ‘गावठी दुरुस्ती’ म्हणून प्रथम फेकून देईल.

तरुणांच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र असा आहे की, ज्याने आम्हांस रात्रभर झोप लागू दिली नाही. तंत्रनिकेतनात शिकणारा आपला एक विद्यार्थी आम्हांस म्हणाला, “गुरुजी, काचेत ठेवलेल्या कमानीने हाताला काय येणार? ज्याने ती घडविली त्याने जुनी कमान पुजली नाही, नवी केली. आम्ही करू लागलो तर तुम्ही नको म्हणता.” ह्यात सत्य आहे, आणि ते नाकारणे अन्यायाचे होईल. विद्या पेटीत ठेवून टिकत नाही. परंतु विद्या टिकविण्यासाठी हीच एक कमान मोडण्याचे कारण नाही. तिची मापे घ्या, चित्र काढा, चापाची चौपट आकाराची लाकडी प्रतिकृती करा, की लहान मुलांनाही चकती, खाच आणि अडसर ह्यांचा खेळ समजेल. आणि कमान घडवावयाचीच असेल तर जुन्या धाटणीच्या कुलपाची घडवा. विद्या तीच आहे. पोलाद लाल करून विझवावे, मग पुन्हा हळूहळू तापवावे; प्रथम गवताचा पिवळा रंग येतो, मग जांभळा आणि सुमारे ३०० अंशांस निळा. निळ्यावर थांबला त्याची कमान वाकते आणि परत येते. अगोदर थांबला त्याची मोडते, नंतर थांबला त्याची वाकून तशीच राहते. आपले आजोबा हा रंग अंधाऱ्या लोहारशाळेत नुसत्या डोळ्यांनी ओळखीत. संस्थेच्या सुटीच्या वर्गात आपल्या वृद्ध कारागिरांनी ही परीक्षा मुलांकडून करून घ्यावी, अशी आमची विनंती आहे.

तेव्हा आम्ही सभेपुढे पुढील सूचना ठेवतो. चाप चालता करू नये, आणि त्यातील एकही भाग बदलू नये. प्रथम त्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावी. अंधाऱ्या खोलीत विजेरीचा उजेड बाजूने तिरपा पाडला म्हणजे गंजाखालील ठशाचा उठाव घासल्याशिवायही पुष्कळदा वाचता येतो. हात लावताना सुती हातमोजे घालावे, कारण घामातही मीठ असते. नंतर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुन्या वस्तूंच्या जतनाचा जो विभाग आहे, तेथील जाणकारांचा सल्ला घ्यावा. गंज थांबविण्यासाठी टॅनिनाचा उपयोग करतात. आपल्या हिरड्यात तेच द्रव्य असते, आणि हिरडा व लोखंड ह्यांपासून काळी शाई करण्याची युक्ती आपल्या वाडवडिलांस ठाऊक होती. परंतु माहिती आहे म्हणून घरी प्रयोग करू नये. जे करावयाचे ते काढून टाकता येईल असेच करावे, आणि काय केले ते कागदावर लिहून पेटीत ठेवावे. शेवटची गोष्ट म्हणजे, वस्तू संस्थेकडे असल्याचे जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयास पत्राने कळवून त्यांचे लेखी मत घ्यावे.

जाता जाता सर्व कुटुंबांस एक कळकळीची सूचना. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक असेल, तर काहींच्या माळ्यावर विस्मृतीत गेलेली एखादी जुनी नळी असेल. अशी नळी रिकामीच आहे असे कधीही धरून चालू नये. काळी दारू कोरडी राहिली तर दीर्घ काळानंतरही पेटते. कान साफ करण्यासाठी किंवा बूड सोडविण्यासाठी नळी भट्टीत घालणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण होय. आणि हा मोह इतरांपेक्षा आपल्याच ज्ञातीस अधिक होण्यासारखा आहे, कारण भट्टी आपल्या दारातच असते. नळीला हात न लावता पोलीस ठाण्यास कळवावे आणि परवानाधारक जाणकाराकडून ती तपासून घ्यावी.

बंधुभगिनींनो, ठशाखाली सिंह निघेल की मुकुट, आणि आकडे बंडापूर्वीचे निघतील की नंतरचे, हे आज महत्त्वाचे नाही. आकडे नंतरचे निघाले आणि बंडाची कथा खोटी ठरली, तरी त्या कुटुंबाने खेद मानू नये. बंडाची कथा ऐकीव आहे. तीन टिकल्या डोळ्यांना दिसतात. कंपनीचे राज्य गेले, राणीचे गेले, कारखान्याची कमान तर त्यांच्याही आधी मोडली. आपल्या माणसाने घडविलेली कमान अजून दाबली असता परत येते. ज्यांना ती पाहावयाची असेल त्यांनी सभेनंतर कार्यालयात यावे, हात बाजूस ठेवून पाहावी, आणि मग ठरावावर मत द्यावे. मत कोणतेही असो, ते पाहून दिलेले असावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.